शिवी कोठून येते?

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात मेंदूविषयी बोलून झाल्यावर सातवीला शिकवणाऱ्या एका बाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या वर्गात एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या होत्या. मधल्या सुट्टीनंतर धावत येताना एका मुलाचा अंगठा बाकाच्या लोखंडी पायावर आपटला आणि त्याच्या तोंडून एक सणसणीत शिवी गेली. बाई दारातच उभ्या होत्या. मुलाला तासभर वर्गाबाहेर उभे केले गेले, शेरेवहीत नोंद झाली, दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणे गेले. त्यानंतर दोन दिवसांनी त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाने पाण्याच्या टाकीपाशी एका मुलीला तिच्या जातीच्या नावाने हाक मारली. ओरडून नव्हे, हसत. तो शब्द शब्दकोशात आहे, सरकारी दाखल्यावरही आहे. त्याची नोंद कोठेच झाली नाही. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही तेव्हा बाईंना कारण कळले. ‘यातली शिवी कोणती?’ असा त्यांचा प्रश्न होता.

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. मग या विषयावर जे हाती लागेल ते वाचत गेलो, आणि लक्षात आले की शिवीचा अभ्यास हा मेंदूच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. किंबहुना मेंदूत भाषेची जागा कोणती हे ज्या रोग्यामुळे कळले, त्याच्याच तोंडी एक शिवी होती. (या लेखात शिव्या फारशा छापलेल्या नाहीत. त्या वाचकांना ठाऊक आहेत असे गृहीत धरले आहे.)

पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे मोठे रुग्णालय होते. तेथे ११ एप्रिल १८६१ रोजी एक पन्नाशीचा रोगी पॉल ब्रोका या शल्यविशारदाच्या वॉर्डात आणला गेला. त्याचा उजवा पाय सडत चालला होता. रुग्णालयात त्याला सगळे ‘तां’ म्हणत, कारण काहीही विचारले तरी तो ‘तां, तां’ एवढेच म्हणे. त्याचे आडनाव लबोर्न्य. पूर्ण नाव आणि घरची माहिती २०१३ साली जुन्या दप्तरांतून बाहेर आली. लुई व्हिक्टर लबोर्न्य, जन्म १८०९, बूट बनवण्यासाठी लागणारे लाकडी फर्मे करणारा कारागीर. त्याचे वडील शाळामास्तर होते. लहानपणापासून त्याला फेफरे येत असे. तिशीत वाचा गेली आणि तो बिसेत्रमध्ये आला, तो कायमचाच.

या माणसाला बोलता येत नसले तरी समजत होते. तुम्ही येथे किती वर्षे आहात, असे ब्रोकाने विचारले. लबोर्न्यने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे, आणि उत्तर बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने तोच प्रश्न केला, तेच उत्तर मिळाले. तिसऱ्यांदा पुन्हा तोच प्रश्न आल्यावर रोग्याच्या लक्षात आले की आपली परीक्षा चालली आहे. तो संतापला आणि ‘तां’ ऐवजी एक खणखणीत शिवी त्याच्या तोंडून बाहेर पडली. ब्रोकाने आपल्या निबंधात नोंदवले आहे की ही शिवी आपण त्याच्याकडून तेवढी एकदाच ऐकली. (तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारल्यावर काय होते याचा अनुभव शिक्षकांना निराळा सांगायला नको.)

१७ एप्रिलला लबोर्न्य वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू पॅरिसच्या मानववंशशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, मोठी इजा झालेली होती. पुढच्या काही वर्षांत असेच आणखी रोगी पाहून ब्रोका या निष्कर्षाला आला की बहुतेक माणसांत बोलण्याचे काम मेंदूची डावी बाजू करते. पाठ्यपुस्तकांतून ‘ब्रोकाचे क्षेत्र’ म्हणून दाखवतात ती ही जागा. लबोर्न्यचा मेंदू आजही पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे, आणि तो न कापता त्याची चुंबकीय छायाचित्रे घेतली तेव्हा, म्हणजे २००७ मध्ये, असे दिसले की इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा पुष्कळ खोलवर गेली होती.

आता या कथेतला जो भाग पाठ्यपुस्तकांत येत नाही तो पाहा. बोलण्याची जागा नष्ट झाली होती, वाचा गेली होती, आणि तरीही शिवी शाबूत होती. मग ती बोलत होते कोण?

हा प्रश्न लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या मज्जातंतूतज्ज्ञाने उचलला. पक्षाघाताने वाचा गेलेले अनेक रोगी त्याने पाहिले. पाणी हवे असेल तर ‘पाणी’ म्हणता येत नाही, मुलाचे नाव सांगता येत नाही. परंतु पेला हातून पडला की तोंडातून शिवी जाते. आणि गंमत अशी, की ‘आता जो शब्द उच्चारलात तो पुन्हा म्हणा पाहू’ असे सांगितले तर तोच शब्द म्हणता येत नाही! १८६० ते १८८० या काळात लिहिलेल्या निबंधांतून जॅक्सनने बोलण्याचे दोन प्रकार मानले. पहिल्यात माणूस शब्दाला शब्द जोडून काहीतरी सांगतो, म्हणजे विधान करतो. दुसऱ्यात शब्द असतात, पण विधान नसते. भावना उसळते आणि शब्द तिच्याबरोबर अख्खाच्या अख्खा बाहेर फेकला जातो, कण्हणे किंवा किंकाळी यावी तसा. पहिल्या प्रकारासाठी डावा मेंदू धडधाकट लागतो. दुसरा त्याच्यावाचूनही चालू शकतो. दगड घालून डोके फोडण्याऐवजी ज्याने प्रथम शिवी दिली त्याने संस्कृतीचा पाया घातला, अशा अर्थाचे एक म्हणणेही जॅक्सनने आपल्या लेखात नमूद केले आहे. पुढे ते फ्रॉइडच्या नावावर खपू लागले.

जॅक्सनचे म्हणणे बराच काळ तर्काच्या पातळीवर राहिले. रोग्याच्या डाव्या मेंदूत थोडासा चांगला भाग उरलेला असेल आणि तोच शिव्या देत असेल, असा आक्षेप घेणे शक्य होते. १९६६ मध्ये ॲरन स्मिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. गाठ वाढल्यामुळे या उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाचा डावा गोलार्ध शस्त्रक्रियेने काढून टाकावा लागला होता. आता उरलेला भाग वगैरे काही नव्हते. शस्त्रक्रियेनंतर प्रश्न विचारला की तो उत्तर देण्यासाठी धडपडे, एखादा सुटा शब्द कसाबसा निघे, आणि मग वैतागून तो स्पष्ट उच्चारात शिवी देई.

याच्या नेमके उलट उदाहरण १९९३ मध्ये नोंदवले गेले, आणि आम्हाला तेच अधिक बोलके वाटते. हिब्रू आणि फ्रेंच बोलणाऱ्या एका ७५ वर्षांच्या गृहस्थांच्या मेंदूत उजव्या बाजूला खोलवर, तळाशी असलेल्या गाठींसारख्या केंद्रात रक्तपुरवठा बंद पडून इजा झाली. ते पूर्वीसारखे बोलू शकत होते, दुसऱ्याचे समजत होते. पण एका ओळीने म्हणायचे शब्द, गाणी, लहानपणापासून पाठ असलेली पद्ये आणि शिव्या, हे सगळे एकदम अडले. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर पाढे, आरत्या आणि शिव्या यांची कोठी एकच आहे, किंवा निदान शेजारी-शेजारी आहे. आरतीत एखादा अडला की तो मागच्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात करतो, हे आपण पाहतो. तेथे शब्द जोडून बोलणे नसते, एक अख्खी लड उलगडत असते. शिवीही अशीच अख्खी साठवलेली असते. तिचा शब्दशः अर्थ देणाऱ्याच्या मनात त्या क्षणी बहुधा नसतोच. ठेच लागल्यावर ज्याच्या आईचा उल्लेख झाला तो बाक होता.

मेंदूच्या याच तळाच्या केंद्रांशी आणखी एक इतिहास जोडलेला आहे, आणि तो शिक्षकांनी अवश्य माहीत करून घ्यावा असा आहे. १८२५ मध्ये इतार या फ्रेंच वैद्याने एका उमराव घराण्यातील तरुण स्त्रीची हकिकत लिहिली. हा इतार म्हणजे आव्हेरॉनच्या जंगलात सापडलेल्या रानमुलाला, व्हिक्टरला, माणसांत आणण्यासाठी वर्षानुवर्षे झटलेला शिक्षक. या बाईंना सातव्या वर्षापासून हाताला आणि मानेला झटके येत. पुढे बोलता बोलता मध्येच त्यांच्या तोंडून आरोळी किंवा अत्यंत घाणेरडा शब्द जाई. बाई सुशिक्षित, शालीन. इतारने बारकाईने लिहिले आहे की शब्द जितका जास्त अभद्र, तितकी तो तोंडून जाण्याची बाईंना धास्ती, आणि धास्ती जितकी मोठी तितका तो शब्द हटकून जिभेवर येई. साठ वर्षांनी, १८८५ मध्ये, शार्कोचा शिष्य जॉर्ज जील द ला तुरेत याने या बाईंसह नऊ रोग्यांचे वर्णन केले, आणि आजाराला त्याचे नाव मिळाले.

तुरेतचा आजार असलेल्यांपैकी शिव्या तोंडून जाणारे थोडेच असतात, साधारणतः दहात एक किंवा दोन. बाकीच्यांत डोळे मिचकावणे, खांदे उडवणे, घसा खाकरणे, कुत्र्यासारखा आवाज करणे असे झटके असतात. हा त्रास बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो. मूल थोडा वेळ ते दाबून धरू शकते, म्हणूनच ‘मनात आणले तर करत नाही, म्हणजे मुद्दाम करतो’ असा समज होतो. खरे तर ते शिंक दाबण्यासारखे असते. आणि ताण वाढला की झटके वाढतात. अशा किती मुलांनी आजवर छड्या खाल्ल्या असतील याचा हिशेब कोणाकडेच नाही. कर्णबधिर रोग्यांच्याही नोंदी आहेत. तोंडाऐवजी त्यांच्या हातांकडून खुणांच्या भाषेतल्या शिव्या दिल्या जातात. म्हणजे दोष जिभेचा नाही, आवाजाचाही नाही. मेंदू नेमका तोच शब्द निवडतो जो समाजाने वर्ज्य ठरवला आहे.

हे ‘वर्ज्य ठरवणे’ मेंदूत शिरते कसे? याचे उत्तर गेल्या वीसेक वर्षांतल्या काही साध्या प्रयोगांतून मिळते.

इंग्लंडमधील कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. एकदा हात बुडवताना त्यांनी आपली नेहमीची शिवी घोकायची, आणि एकदा टेबलाचे वर्णन करणारा एखादा साधा शब्द. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिवी देणाऱ्यांनी सरासरी सुमारे ४० सेकंद अधिक काळ कळ सोसली, आणि त्यांच्या नाडीचे ठोकेही वाढले होते. ज्यांना ऊठसूट शिव्या देण्याची सवय होती त्यांना हा फायदा कमी मिळतो, असे नंतर दिसले. पुढे २०२० मध्ये याच स्टीफन्सने आणखी एक गमतीचा प्रयोग केला. ‘फाउच’ आणि ‘ट्विझपाइप’ अशा दोन नव्या शिव्या बनवल्या. शिव्यांसारख्याच ऐकू येणाऱ्या, पण कोणी कधी न दिलेल्या. त्यांचा काहीही उपयोग झाला नाही. हात तितक्याच लवकर बाहेर आले. शिवीची ताकद तिच्या आवाजात नसते एवढे यावरून ठरले.

दुसरा प्रयोग २००३ चा. मातृभाषा तुर्की आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळे शब्द दोन्ही भाषांत ऐकवले आणि बोटांच्या टोकांना येणारा घाम विजेच्या उपकरणाने मोजला. मन हलले की हा घाम किंचित वाढतो. तो आपल्या ताब्यात नसतो. अपेक्षेप्रमाणे वर्ज्य शब्दांनी घाम आला. परंतु मातृभाषा आणि परभाषा यांतला फरक सर्वात ठळक दिसला तो वेगळ्याच शब्दांना. लहानपणी मोठ्यांनी ऐकवलेली बोलणी, ‘लाज वाटत नाही का’ या धर्तीची! तीच वाक्ये इंग्रजीत ऐकवली तर काही विशेष होत नव्हते. आपल्याकडे इंग्रजी शिवी देताना जे लोक अडखळत नाहीत त्यांची जीभ मराठी शिवीपाशी का अडते, याचा उलगडा येथे होतो. शब्दावरचा विजेचा भार लहानपणी चढतो. तो शब्द उच्चारला तेव्हा आईचा चेहरा कसा झाला, पाठीत धपाटा बसला की नाही, यावरून मूल त्याचे वजन शिकते; अर्थ पुष्कळदा कितीतरी नंतर कळतो.

असे असेल तर समाजाची चीड जेथे सरकेल तेथे शिवीही सरकली पाहिजे. इतिहासात ती तशी सरकलेली दिसते, आणि इंग्रजीत याची कागदोपत्री साखळी चांगली मिळते.

लबोर्न्यच्या शिवीत शरीराचा किंवा नात्याचा काही संबंध नव्हता. ती देवाच्या नावाची होती. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत शपथ घेणे आणि शिवी देणे यांना शब्द एकच आहे. आपल्याकडेही ‘शपथ’ आणि ‘शाप’ एकाच संस्कृत धातूपासून निघाले आहेत, आणि आपण ‘शिव्याशाप’ असा जोडशब्द वापरतोच. मध्ययुगीन युरोपात देवाच्या देहाची, रक्ताची, जखमांची खोटी शपथ घेणे ही सर्वात घोर शिवी. शरीराच्या अवयवांची नावे मात्र तेव्हा कोणाला विशेष बोचत नसत. तेराव्या-चौदाव्या शतकांत इंग्लंडमधील कित्येक गावांत गल्ल्यांच्या नावांत असे शब्द होते की आज तेथे ती पाटी लावणे शक्य नाही.

१६०६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला की रंगभूमीवर थट्टेने देवाचे नाव घेतल्यास दर वेळी दहा पौंड दंड. त्यातला अर्धा राजाला आणि अर्धा तक्रार करणाऱ्याला! दहा पौंड ही तेव्हा मोठीच रक्कम होती. याचा परिणाम शेक्सपिअरच्या छापील नाटकांत दिसतो. ‘ऑथेल्लो’ची १६२२ सालची आणि १६२३ सालची अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या तर दुसरीतून पन्नासेक शपथा गळालेल्या आढळतात. देवाचे नाव टाळण्यासाठी लोकांनी शब्द कापले. ‘देवाच्या जखमांची शपथ’ या पूर्ण शब्दप्रयोगातला देव काढून ‘झाउंड्ज’ एवढेच उरवले. आपल्याला हे परके वाटायला नको. ‘च्यायला’ आणि ‘आयला’ हे शब्द असेच झाले आहेत. मूळ वाक्यातले कोणाच्या, काय, हे सगळे छाटून नुसते शेपूट ठेवले आहे, आणि आज क्रिकेटचा झेल सुटला की लहान मुलेही ‘आयला’ म्हणतात. त्यांना विचारले तर मूळ वाक्य सांगता येणार नाही.

लबोर्न्यला ब्रोकाच्या वॉर्डात आणले त्यानंतर बरोबर ५३ वर्षांनी, ११ एप्रिल १९१४ रोजी, लंडनमध्ये बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग झाला. फुले विकणारी मुलगी उच्चभ्रू उच्चार शिकते आणि भर दिवाणखान्यात त्या शुद्ध उच्चारांत ‘ब्लडी’ हा शब्द उच्चारते. वर्तमानपत्रांनी आधीपासूनच गहजब केला होता. रंगभूमीवर हा शब्द येणार की नाही, याचीच चर्चा. प्रेक्षक मात्र पोट धरून हसले. १९५६ मध्ये या नाटकाचे संगीत रूपांतर, ‘माय फेअर लेडी’, अमेरिकेत आले तेव्हा त्या शब्दाला कोणीच दचकेनासे झाले होते, म्हणून रूपांतरकारांना शर्यतीच्या मैदानावरचा निराळा प्रसंग आणि निराळा शब्द शोधावा लागला. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये मराठीत आणलेली ‘ती फुलराणी’ याच नाटकावरून. बेचाळीस वर्षांत एका शब्दावरचा भार उतरला! कोणी उतरवला नाही. वापरून वापरून तो झिजला, नाण्यावरचा छाप झिजावा तसा.

आपल्या समाजाने हा भार एका दिवसापुरता उतरवण्याची सोय फार पूर्वीपासून करून ठेवली आहे. शिमग्याची बोंब सर्वांना माहीत आहे. तितकी माहीत नसलेली प्रथा साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यात आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत, एकमेकींना यथेच्छ शिव्या देतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. मध्ये पोलीस उभे असतात. थोड्या वेळाने बार संपतो, आणि कोणीही कोणावर रुसलेले नसते. एरवी त्यातल्या एका शिवीवरून भांडण जुंपेल, पण त्या दिवशी तोच शब्द कोणालाही लागत नाही. शब्द तोच, बोलणारी तीच, ऐकणारीही तीच. बदलतो तो फक्त हेतू, आणि तो हेतू दोघींना माहीत असतो. प्रयोगशाळेत याहून चांगला प्रयोग रचता येणार नाही असे आम्हाला वाटते.

साहित्यातील शिवीचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा कोर्टात किंवा अग्रलेखात झाला. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ साली आली. मुंबईच्या नाक्यावर टिवल्याबावल्या करणाऱ्या पोरांची भाषा तिच्यात जशीच्या तशी होती, आणि आचार्य अत्रे तिच्यावर तुटून पडले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. मुंबईच्या ज्या वस्तीतले जगणे त्या कवितांत होते तेथील शब्द पांढरपेशा वाचकाला समजतही नव्हते. ‘असे शब्द कवितेत कशाला?’ हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. असे शब्द ज्यांना रोज ऐकावे लागतात त्यांच्याविषयी तसा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

न्यायालयांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी १९६० मध्ये लंडनच्या ज्यूरीने निर्दोष ठरवली. त्यानंतर चार वर्षांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तीच कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली. समरेश बसू यांची बंगाली कादंबरी ‘प्रजापती’ १९६७ मध्ये ‘देश’च्या शारदीय अंकात छापली गेली आणि खालच्या न्यायालयांत लेखक दोषी ठरला. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. असभ्य लिखाण वाचून किळस येईल, मन विटेल, पण तेवढ्याने ते अश्लील होत नाही, असा फरक न्यायमूर्तींनी केला. पुढे मार्च २०२४ मध्ये, महाविद्यालयीन मुलांवरच्या एका वेब मालिकेच्या खटल्यात, न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. शिवीतील शब्दाचा मूळ अर्थ लैंगिक असला तरी देणाऱ्याला तो अर्थ अभिप्रेत नसतो. राग, वैताग, आश्चर्य एवढेच त्यातून व्यक्त होते, म्हणून केवळ शिव्या आहेत एवढ्यावरून गुन्हा होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. जॅक्सन हयात असता तर त्याला आपलाच निबंध वाचल्यासारखे वाटले असते. दीडशे वर्षे लागली एवढेच.

याच काळात दुसरीकडे कायदा अगदी उलट दिशेने कडक झाला, आणि तेही योग्यच झाले. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा गुन्हा ठरला होता. २०१६ च्या प्रारंभी सुधारित कायदा अमलात आला, त्यात जातीच्या नावाने शिवी देणे याला स्वतंत्र कलम मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जे शब्द आमच्या लहानपणी पत्त्यावर लिहिले जात, म्हणींतून सर्रास वापरले जात, आणि ज्यांच्याबद्दल कोणाला धपाटा बसत नसे, त्यांच्यावर आता भार चढतो आहे. ज्यांना ते ऐकावे लागत त्यांच्यासाठी तो पहिल्यापासूनच होता. बाकीच्यांच्या बोटांना घाम येत नव्हता, इतकेच.

जॅक्सनच्या मोजपट्टीने पाहिले तर अंगठा ठेचलेल्या मुलाने विधान केलेच नव्हते. ती किंकाळी होती, शब्दांचा सदरा घातलेली. टाकीपाशी हसत मारलेली हाक मात्र पुरते विधान होते. डाव्या मेंदूने शब्द निवडून, समोर कोण आहे हे पाहून केलेले. येथे एक पुस्ती जोडली पाहिजे. हे दोन कप्पे नेहमी इतके स्वच्छ नसतात. किंकाळी म्हणून सुरू झालेली शिवी समोरच्यावर रोखली जाऊ शकते. बाईच्या नात्यावरून दिल्या जाणाऱ्या शिव्या कोणाला उद्देशून नसल्या तरी वर्गातल्या मुलींच्या कानांवर त्या पडतातच, आणि ‘तो काही तुला नव्हता म्हणाला’ हे समाधान त्यांना पुरते असे आम्हाला वाटत नाही.

हे सगळे आम्ही त्या बाईंना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले ते आमच्या पत्रापेक्षा उपयोगाचे होते. त्यांनी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितले, ‘जो शब्द ऐकून तुम्हाला सर्वात जास्त लागले तो लिहा. नाव लिहू नका, कोण म्हणाले तेही लिहू नका.’ चिठ्ठ्या गोळा करून त्या घरी घेऊन गेल्या. ज्यांना आपण शिव्या म्हणतो असे शब्द त्यांत अगदी थोडे निघाले. जातींची नावे होती. ‘काळी’ होते, ‘जाड्या’ होते, वडिलांच्या धंद्यावरून पडलेली नावे होती. एका चिठ्ठीवर नुसते गावाचे नाव होते. आणि काही चिठ्ठ्यांवरचे शब्द मुलांचे नव्हतेच. बाईंनी ते लगेच ओळखले, कारण शिक्षकांच्या खोलीत आणि फळ्यासमोर ते रोज ऐकू येत. ‘ढ’, ‘दगड’ आणि ‘तुझ्याच्याने काय होणार’. यातले शेवटचे आपले स्वतःचे आहे, असे बाईंनी लिहिले होते.